कोल्हापूरची निवासी तालीम: चौदा-पंधराच्या पोराला तिथं काय मिळतं, काय मिळत नाही

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं कुस्तीच्या घरात वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. सोलापूर, सांगली, सातारा, लातूरकडची पोरं ट्रंक आणि वळकटी घेऊन कोल्हापुरात येतात ती या तालमींच्या भरवशावर. 'पोरगं तालमीत राहिलं की वळण लागतं' असं वडील म्हणतात. ते खरंही आहे. पण वळण कशानं लागतं आणि त्या बदल्यात पोराच्या शरीराला, शाळेला, घरच्या खिशाला काय सोसावं लागतं, हे आधी बघून घेतलेलं बरं. हा लेख कुठल्या एका तालमीबद्दल नाही. जुन्या निवासी तालमीची जी ठरलेली पद्धत आहे, तिचं हे परीक्षण आहे.

निकाल आधीच सांगतो. मेहनतीची सवय, दम आणि हार पचवण्याची ताकद यांसाठी पाचपैकी साडेचार. गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या, कुस्तीसाठी अडीच, आणि तेही तालमीत गादी रोज वापरात असेल तर. आरोग्याच्या देखरेखीसाठी दीड. या शेवटच्या आकड्यामुळे कुणी पोराला घरी ठेवू नये, पण आई-बापानं काय पाहायचं ते त्यातून ठरतं.

दिवस पहाटे साडेचार-पाचला सुरू होतो. सकाळचा वेळ मेहनतीचा: धावणं, जोर, बैठका, सपाट्या, दोर. आठच्या सुमारास थंडाई आणि दूध. दुपारी जेवण आणि झोप. चारला हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा खड्डा, खोदायचा, मग जोड, म्हणजे जोडीदाराशी सरावाची कुस्ती. सातला अंघोळ, आठला जेवण, दहाच्या आत दिवे बंद. कागदावर हे चोख दिसतं. मात्र दहा ते साडेचार म्हणजे झोप साडेसहा तास झाली आणि या वयाला आठ ते दहा तास लागतात. उरलेली भरपाई दुपारच्या दीड-दोन तासांच्या झोपेतून होते. त्यामुळे ती झोप म्हणजे आळस नाही, मेहनतीचाच भाग आहे. जुने वस्ताद दुपारी तालमीत बोलू देत नाहीत ते यासाठीच. घोळ होतो तो शाळेत जाणाऱ्या पोराचा. अकरा ते पाचची शाळा असेल तर त्याची दुपारची झोपही जाते आणि चारची जोडही बुडते. मग तो थकलेल्या अंगानं संध्याकाळी उशिरा मातीत उतरतो आणि खांदा किंवा गुडघा दुखावून घेतो. सकाळच्या सत्राची शाळा मिळत नसेल, तर मेहनत संध्याकाळच्या एकाच वेळेवर आणून सकाळी फक्त अर्धा तास हलकं धावणं ठेवावं. वस्तादांशी हे बोलायला लाजू नये. समजूतदार वस्ताद ऐकतात.

आता हौदा. तालीम कशी आहे हे ओळखायला एवढी एकच गोष्ट पाहिली तरी पुरे. साधारण वीस फूट लांब-रुंद खड्डा, त्यात चाळलेली तांबडी माती. मातीत ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर आणि काव (गेरू) कालवतात. तेल आणि ताकानं मातीला मऊपणा येतो, ती अंगाला चिकटते पण ओरखडत नाही. काव रंगासाठी आणि माती बांधून ठेवण्यासाठी. हळद-कापूर जंतू मारतात असं सगळेच सांगतात. थोडाफार उपयोग होतही असेल, पण त्याच्या भरवशावर उघडी जखम घेऊन मातीत उतरणं हा शुद्ध वेडेपणा आहे, त्याबद्दल पुढे.

रोज जोडीच्या आधी फावड्यानं वीतभर खोल माती उलटायची, ढेकळं फोडायची, खडे वेचायचे आणि लाकडी फळी ओढून सपाट करायची. दोन-तीन दिवसांनी हलकं पाणी शिंपडायचं. मातीचा ओलावा बरोबर आहे का हे मुठीत दाबून कळतं: गोळा व्हायला हवा आणि अंगठ्यानं दाबताच फुटायला हवा. गोळाच होत नसेल तर माती सुकी आहे, धूळ नाकातोंडात जाते आणि पोरं आठवडाभर खोकतात. गोळा फुटत नसेल तर ती जास्त ओली आहे. अशा मातीत पाऊल रुततं, वरचं अंग फिरतं आणि पाय मागं राहतो. गुडघ्याचे अस्थिबंध (लिगामेंट) फाटण्याची ही ठरलेली रीत आहे. न खोदलेल्या हौद्यात धोबीपछाड किंवा कलाजंग हा डाव खाल्लेल्या पोराचं गळ्याजवळचं हाड मोडू शकतं. तालीम बघायला गेलात तर वस्तादांशी बोलण्याआधी हौद्यात हात घालून बघा. वरचा थर मऊ आणि चार बोटांवर कडक लागला, तर त्या दिवशी कुणीतरी खोदण्याचा कंटाळा केला आहे आणि कुणी त्याला विचारलेलं नाही.

खोदण्याच्या कामाकडे बाहेरचे लोक बिनपगारी मजुरी म्हणून बघतात. प्रत्यक्षात पोराच्या मनाची घडण इथंच होते. पाऊणएक तास फावडं चालवलं की पाठ, कंबर, मनगट आणि पकड तयार होते, ती कुठल्याही यंत्रावर होत नाही. शिवाय आज आपण जी माती नीट खोदणार नाही तिच्यावर तासाभरानं आपणच आपटणार असतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. चांगल्या तालमीत नवा-जुना सगळ्यांच्या हाती पाळीनं फावडं येतं. गदा आणलेला पैलवानही खोदतो. जिथं फक्त लहान पोरंच खोदतात आणि मोठे कडेला मोबाईल बघत बसतात, तिथं पोराला ठेवू नये. तिथं त्याला शिस्त शिकायला मिळणार नाही, मोठेपणी धाकट्यांकडून राबवून घ्यायचं असतं एवढंच शिकायला मिळेल.

जोर-बैठकांचे आकडे ऐकून पालक हरखतात. हजार बैठका, पाचशे जोर. हे मोठ्या पैलवानांचे आकडे आहेत आणि तेही वर्षानुवर्षं चढत गेलेले. चौदा वर्षांच्या पोराला सुरुवातीला पन्नास जोर आणि शंभर बैठका, चार-पाच टप्प्यांत, पुरतात. वर्षभरात दीडशे जोर आणि तीनशे बैठकांपर्यंत गेलं तरी खूप. वाढीच्या वयात गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर मांडीच्या स्नायूची दोरी ओढ देत असते. बैठका एकदम वाढवल्या की तिथं दुखरं टेंगूळ येतं. पोरगं जिना उतरताना कण्हायला लागलं की समजायचं. त्यावर तेल चोळून उपयोग नाही. काही आठवडे बैठका आणि उड्या कमी करून दोर, जोर, मानेची हलकी मेहनत चालू ठेवली की ते बसतं.

दुसरी उणीव जरा बारकाव्याची आहे. जोर आणि बैठका दोन्ही ढकलण्याची ताकद देतात. एकेरी पट काढायला (समोरच्याचा एक पाय धरून पाडायला), कब्जा धरायला, दस्ती ओढायला (त्याचा हात धरून खेचायला) लागते ती ओढण्याची ताकद. ती दोर चढण्यानं, मल्लखांबानं आणि जोडीदाराला उचलून चालण्यानं येते. तालमीच्या आढ्याला दोर बांधलेला आहे का, आणि तो वापरून गुळगुळीत झालेला आहे का, हे बघा. पायाची कात्री न लावता नुसत्या हातांनी पंधरा फुटांचा दोर तीन वेळा चढणारं पोरगं पटात सापडलेला पाय सहसा सोडत नाही.

संध्याकाळची जोड हा तालमीचा गाभा. इथं कोल्हापूरची पद्धत अजूनही बहुतेक अकादम्यांपेक्षा सरस वाटते, कारण पोरांची संख्या. एका हौद्यात चाळीस किलोपासून शंभर किलोपर्यंतचे पैलवान असतात, त्यामुळे वस्तादाला हव्या तशा जोडी लावता येतात. जाणता वस्ताद एका पोराला एका संध्याकाळी तीन प्रकारचे जोडीदार देतो. पहिला वरचढ, ज्याच्यापुढे फक्त टिकायचं. तिथं बचाव शिकतो आणि श्वास कसा राखायचा ते कळतं. दुसरा तोडीस तोड, तिथं खरी परीक्षा. तिसरा हलका, आणि त्याच्यावर नवा डाव घोटायचा, कारण वरचढ गड्यावर कच्चा डाव टाकायची कुणाची हिंमत होत नाही आणि मग तो डाव कायमचा कच्चाच राहतो. तिसऱ्या जोडीत पोरानं हलक्या गड्याला नुसतं दाबून चीत केलं, तर वस्ताद ओरडतो. ओरडायलाच हवं.

डाव शिकवण्याची रीतही पारखून घ्या. पोराला महिन्याभरात ढाक, मोळी, घिस्सा, निकाल, टांग, लपेट असं सगळं दाखवलं जात असेल तर ती जाहिरात समजावी. पहिल्या वर्षी दोन डाव उभ्यानं, एक खालून, आणि प्रत्येकाचा तोड, म्हणजे त्यावरचा उतारा, एवढंच. एकेरी पटाचंच बघा. आधी खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या उभ्या झटापटीत, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते ओळखायचं, दस्ती ओढून त्याला पुढं पाऊल टाकायला लावायचं, त्याच पायावर घुसायचं, डोकं त्याच्या बरगडीला आतल्या बाजूनं चिकटवायचं, गुडघ्यामागं हात गुंफायचे आणि सरळ न ओढता कोनात फिरायचं. नवी पोरं यातल्या दोन जागी चुकतात. डोकं बाहेर राहतं, मग मान वरून दाबली जाते. किंवा पट धरला की तिथंच थांबतात आणि समोरचा पाय मागं फेकून अंगावर बसतो. रोज दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास वेळा, जोडीदारानं विरोध न करता, मग अर्धा विरोध करून, हे घोटणं सहा महिने कंटाळवाणं असतं. तो कंटाळा काढणारं पोरगंच पुढं टिकतं. वस्ताद एक डाव राखून ठेवतो असं गमतीनं म्हणतात. बहुतेक वेळा त्यानं काही राखून ठेवलेलं नसतं, पोरानंच घोटलेलं नसतं.

हरण्याची सवय हा तालमीचा दुसरा मोठा गुण. गावात जत्रेतल्या चार नारळावरच्या कुस्त्या मारून आलेलं पोरगं इथं पहिल्या आठवड्यात रोज दहा-पंधरा वेळा खाली पडतं. लोक हसत नाहीत, टाळ्याही वाजवत नाहीत. उठायचं, अंगावर माती टाकायची आणि परत हात मिळवायचा. दोन महिन्यांत पडण्याची भीती जाते. मैदानात शड्डू ठोकताना जो निवांतपणा दिसतो तो इथून आलेला असतो. काही पोरं मात्र याच काळात गप्प होतात, जेवण कमी होतं, घरी फोन केला की 'बरं आहे' एवढंच सांगतात. आपल्या पोराचं वजन दर आठवड्याला वहीत लिहून घ्यायला वस्तादांना किंवा त्याच्या खोलीतल्या थोरल्या पोराला सांगा. मेहनत तीच असून महिन्यात दोन किलोपेक्षा जास्त वजन उतरलं तर कारण शोधायला प्रत्यक्ष जावं.

खुराकाबद्दल कल्पना फार आणि हिशेब कमी. पंचावन्न किलोच्या पोराचं साधं गणित मांडू. दिवसाला दीड लिटर म्हशीचं दूध, चार अंडी, पंचवीस बदाम, तीसेक ग्रॅम तूप. लिटरला ७० रुपये धरले तर दूध महिन्याला ३,१५० रुपये. अंडं ७ रुपयांना धरलं तर ८४०. पंचवीस बदाम म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम, किलोला ९०० धरून महिन्याचे ८१०. तूप ७०० रुपये किलोनं ६३०. बेरीज ५,४३०. आठवड्याला पाव किलो मटण, ज्वारी-गहू-डाळ, तेल, गॅस आणि स्वयंपाकाचा वाटा वेगळा. तालमीत राहण्याचे पैसे त्यापुढे किरकोळ असतात. म्हणजे खर्च खोलीचा नाही, ताटाचा आहे, आणि तो दर महिन्याचा आहे.

या खुराकातून दूध आणि अंडी मिळून ऐंशीएक ग्रॅम प्रथिनं होतात. भाकरी, डाळ, उसळ धरली की वाढत्या पैलवानाची गरज सहज भागते. त्यामुळे हजारो रुपयांचा प्रथिनांचा डबा आणायला कुणी सांगत असेल, तर आधी पोराच्या ताटात रोज उसळ असते का ते विचारा. थंडाईची रीत सोपी आहे: बदाम आणि खसखस रात्री भिजत घालायची, सकाळी बदाम सोलून बडीशेप, दोन-चार काळी मिरी, वेलदोडा आणि खडीसाखरेबरोबर दगडी कुंडीत घोटायचं, पातळ करून गाळायचं. मेहनतीनंतर अर्ध्या-पाऊण तासानं प्यावी, लगेच प्यायली तर मळमळतं. दीड लिटर म्हशीच्या दुधातच दीड हजारांच्या आसपास उष्मांक असतात हे विसरू नये. दुखापतीनं पोरगं महिनाभर बसलं आणि खुराक तोच राहिला तर पोट सुटतं, आणि मग वजनगटाचा घोळ होतो.

बऱ्याच तालमींत पोरं आपला स्वयंपाक आपण करतात, गट पाडून, पाळीनं. भाकरी थापता येणं हा पैलवानीचा भाग नाही असं वाटेल, पण स्वतःच्या पोटात काय जातं याचा हिशेब ठेवणारं पोरगं पुढं स्पर्धेच्या काळात वजन सांभाळतं. फक्त एक बघावं, पाळी खरंच सगळ्यांची असते का.

गादीकडे येऊ. इथं जुन्या तालमी कमी पडतात आणि ते मान्य करायला हवं. मातीची कुस्ती चितपटीवर सुटते, वेळ भरपूर, घाई नसते. गादीवर सतरा वर्षांखालच्यांची कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंद. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात सगळं. खाली आणलं की दोन गुण, बाहेर काढलं की एक, फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. मातीत वाढलेलं पोरगं पहिलं मिनिट खडाखडीत घालवतं आणि पंचाची ताकीद खातं. दुसरी अडचण खालच्या कुस्तीची. मातीत पाठ पूर्ण टेकेपर्यंत पोरगं निश्चिंत असतं. गादीवर भारंदाज लावून, म्हणजे खालच्याला कमरेत धरून, दोनदा फिरवलं की चार गुण जातात आणि त्याला कळतच नाही काय झालं. तिसरी सवय लंगोट-जांघ्याला हात घालायची. मातीत ती पकड चालते, गादीवर पोशाख धरणं हा नियमभंग आहे.

खाशाबा जाधव कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गादीवरची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नसताना ते सहावे आले. चार वर्षं तयारी करून १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मातीनं दिलेली ताकद त्यांना उपयोगी पडलीच, पण नियमांची सवय वेगळी करावी लागली. सत्तर वर्षांनंतरही काही तालमींत गादी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली दिसते आणि शालेय स्पर्धेच्या आठ दिवस आधी उलगडली जाते. महाराष्ट्र केसरीतसुद्धा माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. चौदा वर्षांपर्यंत माती मुख्य ठेवून आठवड्यातून दोन दिवस गादी, पंधरानंतर किमान तीन-चार दिवस गादी, हे प्रमाण आम्हाला योग्य वाटतं. ज्या वस्तादाला गुण कसे मोजतात हे सांगता येत नाही त्याच्याकडे पाया जरूर घडवावा, पण सोळाव्या वर्षानंतर पोराला हलवावं. पुण्यात कात्रजला प्रशिक्षक काका पवारांच्या कुस्ती संकुलासारख्या ठिकाणी गादीची रोजची तयारी होते. पैलवान राहुल आवारे त्याच वाटेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेतलं ब्राँझ घेऊन आला.

आरोग्याचे दीडच गुण का, ते आता. कान फुटणं तालमीत भूषण मानतात. कानाच्या कूर्चेवर (मऊ हाडावर) रक्त साकळतं, काही दिवसांत ते घट्ट होतं आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो. डॉक्टरांकडून वेळेत ते काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. खोलीतल्या थोरल्यानं सुई टोचून काढलं तर कूर्चेत पू होण्याचा धोका असतो. गादीवर कानाचं संरक्षक घालता येतं, मातीत कुणी घालत नाही. गजकर्ण ही दुसरी साथ. एकाच्या टॉवेलनं चौघे अंग पुसतात आणि मग सगळ्यांच्या जांघा-मानेवर चट्टे उठतात. औषधाच्या दुकानातली स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावली की खाज थांबते, चट्टा मात्र पसरतो. लंगोट रोज धुऊन उन्हात वाळवायचा, टॉवेल स्वतंत्र, चट्टा बरा दिसल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस मलम लावायचं, आणि चट्टा असेपर्यंत जोड बंद. गादी असेल तर ती रोज पुसली जाते का विचारा. ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) लिटरभर पाण्यात दहा-पंधरा मिली, दहा मिनिटं तसंच ठेवून मग कोरडं. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी दवाखान्यात मिळते. मातीत लोळणाऱ्या पोराची ती राहिलेली असता कामा नये.

वजन उतरवण्याचा खेळ या वयात खेळूच नये. त्रेपन्न किलोचं पोरगं एक्कावन्नात बसवायला पाणी तोडणं, जाड कपडे घालून पळवणं असले प्रकार होतात. पाणी गेलं की दम जातो आणि दुसऱ्या फेरीत पोरगं उभंच राहतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर ग्रॅमसाठी विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी बाद झाली. सगळी वैद्यकीय फौज सोबत असताना हे झालं. तालमीतल्या वजनकाट्यावर आणि थोरल्या पोरांच्या सल्ल्यावर कसली भिस्त ठेवायची? पंचावन्नात लढवा आणि खायला घाला.

आणि इंजेक्शनं. यावर गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. भूल देताना घसरलेला रक्तदाब चढवण्यासाठीचं मेफेंटरमिन तालमी आणि जिमच्या आसपास चोरून विकलं जातं, पोलिसांनी ते पश्चिम महाराष्ट्रात वेळोवेळी पकडलं आहे. ते टोचलं की थकवा कळत नाही, म्हणजे शरीर थांब म्हणत असताना पोरगं लढत राहतं. हृदयावर ताण येतो, सवय लागते, आणि उत्तेजक चाचणीत सापडलं की स्पर्धेची वर्षं जातात. 'मला माहीत नव्हतं' ही सबब तिथं चालत नाही. वस्तादांना सरळ विचारा: कुणी सापडलं तर काय करता? 'बाहेर काढतो' असं लगेच उत्तर आलं तर ठीक. 'आमच्याकडे असलं काही नाही' हे उत्तर पुरेसं नाही.

शाळा सुटू देऊ नका. राष्ट्रीय-राज्य स्पर्धेतल्या सहभागाला दहावी-बारावीत क्रीडा गुण मिळतात, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण या दोन्हींसाठी परीक्षेला बसावं लागतं आणि प्रमाणपत्रं खरी लागतात. जन्मदाखल्यावर दोन वर्षं कमी करून खालच्या गटात लढवण्याचा सल्ला जो देईल त्याच्यापासून लांब राहा. पकडलं गेलं तर बंदी येतेच. पकडलं नाही तरी पोरगं स्वतःपेक्षा लहान गड्यांना हरवून मोठं होतं आणि वरच्या गटात गेल्यावर त्याला तोंड फिरवायलाही जागा राहत नाही.

मुलींसाठी मात्र जुन्या निवासी तालमींचा उपयोग नाही, त्या मुलांच्याच आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात मुरगूडला मुली गादीवर नियमित तयारी करतात, तिकडे चौकशी करावी.

हे सगळं कुणासाठी? बारा-तेरा पूर्ण, गावच्या तालमीत वर्षभर मेहनत केलेली, आणि स्वतःहून जायला मागणारी पोरं. बापाची हौस म्हणून आणलेलं पोरगं दिवाळीच्या सुट्टीला गेलं की परतत नाही. बघायला जाताना सकाळी जाऊ नका, संध्याकाळी साडेचारला सांगितल्याशिवाय जा. हौदा, दोर, संडास, प्रथमोपचाराची पेटी आणि रात्री तिथं झोपणारा जबाबदार माणूस कोण, एवढं पाहिलं की बरंचसं कळतं. घालण्याची वेळ जूनची चांगली. पावसाळ्यात जत्रांची मैदानं बंद असतात, थोरले पैलवान तालमीतच असतात, वस्तादांना नव्या पोराकडे बघायला सवड असते, आणि शाळाही तेव्हाच सुरू होते. दिवाळीनंतर मैदानांचा हंगाम लागला की चांगले जोडीदार दर दोन दिवसांनी कुठल्यातरी फडाला गेलेले असतात. मग नवं पोरगं हौदा खोदून कडेला बसून राहतं.